फ्रीजरमधली करवंदं

करवंदं आली की हल्ली मला माझाच संशय येतो.

परवा कल्याण स्टेशनबाहेर, रिक्षांच्या रांगेच्या टोकाला, एक बाई टोपली घेऊन बसली होती. टोपलीवर ओलं फडकं, फडक्याखाली काळी कुळकुळीत करवंदं, देठाजवळचा चिकाचा पांढरा ठिपका अजून ओला. उन्हात उभ्या उभ्या मला तो वास आला, आंबटगोड, थोडा रानाचा, थोडा फडक्याचा. पूर्वीची मी असते तर सरळ वाकून टोपलीच्या तळाशी हात घातला असता. वर चांगली आणि खाली पिचकी, हा बाजाराचा पहिलीतला धडा. पण मी नुसतीच उभी राहिले, तेव्हा तीच म्हणाली, "घे ना बाय, आज सकालची हाईत."

"आज सकाळचीच कशावरून?" सवयीने तोंडातून गेलंच.

तिने एक करवंद उचलून माझ्यापुढे धरलं. "खाऊन बघ. जीभ हाय ना तुला?"

तिने कुठे बोट ठेवलं ते तिला काय ठाऊक! मी दोन द्रोण घेतले, एकही करवंद न तपासता, आणि घरी येऊन पिशवी ओट्यावर ठेवली तेव्हा माझ्या लक्षात आलं की आता ते दुसरं काम टाळता यायचं नाही. फ्रीजरात वर्षभर पडून असलेली नंदाची पिशवी बाहेर काढायचं काम.

मी मूळची संशयी. कबूल करून टाकते, कारण मी नाही केलं तरी आमचे हे सगळ्यांना सांगतातच. "हिला देव भेटला तर आधी ओळखपत्र मागेल," हा त्यांचा ठेवणीतला विनोद. नारळ मी कानाशी धरून हलवते, मग दुसरा हलवते, मग परत पहिला. कोथिंबिरीची जुडी सोडवून आत बघते. मासळीवालीने गळ्याची शपथ घेतली तरी कल्ला उघडून पाहिल्याशिवाय पापलेट घरात येत नाही. डोंबिवलीच्या एका शाळेत मी अठ्ठावीस वर्षं मराठी शिकवलं आणि त्याहून जास्त मन लावून पर्यवेक्षण केलं. बोर्डाच्या परीक्षेला वर्गावर मी आहे असं कळलं की मुलांचे चेहरे पडायचे. रबरी तळव्यांच्या चपला घालून मी बाकांमधून अशी फिरायचे की माझी सावली आधी पोचायची आणि मी नंतर. कंपासपेटीच्या झाकणात, ओढणीच्या काठात, बाटलीच्या लेबलामागे, चिठ्ठी कुठे आहे ते मला वासाने कळायचं. पकडलेल्या मुलावर मी ओरडत नसे. एवढंच म्हणायचे, "बघून लिहिणाऱ्याला आपल्याला काय येतं ते कधीच कळत नाही." हे वाक्य माझं मलाच फार आवडायचं.

अशा बाईचं फ्रीजरशी कसं जमणार? माझ्या लेखी फ्रीजर म्हणजे वस्तूचं वय लपवायची जागा. आत घातलं की सगळं टणक, सगळ्यावर तोच पांढरा मुलामा, आणि कशालाच वास नाही. ज्याला वास नाही त्याची चौकशी करायची तरी कशी? आमच्या फ्रीजरात बर्फाचे दोन ट्रे आणि मटारची एक पिशवी असायची. ती पिशवीसुद्धा कुणाचा पाय मुरगळला तर शेकायला म्हणून. तिची उसळ करायचं माझ्या कधी मनात आलं नाही.

नंदा आमच्या वरच्या मजल्यावर राहायची. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, हसली की जिना दणाणायचा. माहेर कळव्याचं, तिथल्या जुन्या आगरी घरातलं. वडील मिठागरावर राबलेले. मुलगा नोकरीला लागून बंगळूरला गेला आणि नंदाला केकचं वेड लागलं. ओट्यावर एक छोटासा ओव्हन आणला. केक आत फुगत असला की ही ओव्हनच्या काचेत बघून केस सारखे करायची, टिकली नीट लावायची. "आरशाचे पैसे वाचले," म्हणायची.

एका मे महिन्यात तिने करवंदांचा केक करून खाली आणला. पिवळ्याधमक तुकड्यात जांभळे डाग, दाताखाली आलं की फुटणारं आंबट करवंद, मग ती बारीक बी. केक ही वस्तू मला तोवर वाढदिवसाची सक्ती वाटायची. त्या दिवशी मी तीन तुकडे खाल्ले आणि चौथा ह्यांच्यासाठी ठेवला आहे असं स्वतःला सांगून तोही खाल्ला. नंदा समोर बसून बघत होती. "खरं सांगा हां ताई. तुम्ही बरं म्हटलंत तर ते खरंच बरं असतं." माझ्या संशयीपणाला त्याच्या जन्मात मिळालेलं ते एकमेव प्रशस्तिपत्र.

तेव्हापासून करवंदांच्या दिवसांत आम्ही दोघी दुपारच्या चहानंतर जिन्याच्या पायऱ्यांवर बसायचो, मधे द्रोण. लहानपणी सगळ्यांनी खेळलेला तोच खेळ. एकीने करवंद दाताशी धरायचं आणि विचारायचं, कोंबडा की कोंबडी? आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. दुसरीने आधी सांगायचं, मग पहिलीने चावायचं. नंदा नुसतं "बरोबर" किंवा "चूक" म्हणून मोकळी व्हायची. मी मात्र दर वेळी हात पुढे करायचे. "अर्धं दाखव." मग ती जीभ काढून दाखवायची आणि उरलेलं अर्धं करवंद माझ्या नाकाशी धरायची. पन्नाशीची बाई आणि साठीची बाई. येणारे-जाणारे आम्हाला ओलांडून जायचे.

मग एका डिसेंबरात ती तोच केक घेऊन आली.

"डिसेंबरात करवंदं?" मी बशी हातात घेता घेता थांबले.

"फ्रीजरमधली. मेमध्ये ठेवलेली."

मी बशी खाली ठेवली. नंदाला अपेक्षाच होती. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ताई, तुमच्या कोकणात आंब्याची साठं घालता, आमसुलं वाळवता. ती काय ताजी असतात? आमच्याकडे पावसाच्या आधी मासे खारवून ठेवायचे. बेगमीच ना ही पण? माझे बाबा बोलायचे, मीठ कवा खोटा बोलत नाय. आता मिठाच्या जागी फ्रीजर आलाय, एवढंच."

"मिठाचं काम डोळ्यांसमोर होतं. उन्हाचं होतं. फ्रीजरात दार लावल्यावर काय होतं ते कोणी बघितलंय?"

"दार लावल्यावर आतला दिवा विझतो का ते तरी कोणी बघितलंय?"

आता खोटं कशाला बोलू, ते मी बघितलं होतं. बोटाने बटण दाबून.

पण नंदा ऐकणारी नव्हती. दर मेमध्ये ती टोपलीच्या टोपली घ्यायची. करवंदं धुवायची, पंख्याखाली चादरीवर सुकवायची, ताटात सुटी पसरून गोठवायची आणि मग पिशव्या भरून वर पट्टी चिकटवून तारीख घालायची. तिचा फ्रीजर भरला की उरलेल्या पिशव्या माझ्याकडे. मटारशेजारी त्या पिशव्या बघून मला स्टेशनवर कुणी सामान सोडून गेल्यासारखं वाटायचं. त्यांना हात लावायचा माझा धीर होत नसे. ती मात्र मला शिकवायची, "एकच नियम आहे, ताई. वितळू द्यायची नाहीत आणि चिवडायची नाहीत. कोरड्या मैद्यात घोळवायची आणि दगडासारखी असतानाच मिश्रणात सोडायची. तपासत बसलात की गेलं सगळं." मी म्हणायचे, "जे तपासू देत नाही त्याच्यातच काहीतरी असतं." नंदा हसायची आणि मी बरोबर आहे याची माझी खात्री पक्की व्हायची.

गेल्या वर्षीचा मे मात्र निराळा होता. आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जायची होती आणि जूनअखेर घरं रिकामी करायची होती. सगळी इमारत वरपासून खालपर्यंत संशयाने भरली होती. जिन्यात दोघं हळू बोलले की तिसऱ्याचं दार किलकिलं व्हायचं. बिल्डरचा माणूस पेढे घेऊन आला, तर पेढे का आणले यावर मीटिंग झाली. नकाशात बाल्कनी दिसत होती तेवढीच मिळणार का, सही कुणी आधी केली, का केली, त्याला काय कबूल केलंय. लाज सोडून सांगते, मला तो काळ बरा गेला. आयुष्यात पहिल्यांदाच सगळेजण माझ्यासारखे वागत होते.

आम्ही भाड्याने कल्याणला जाणार होतो. नंदा कळव्याला, भावाच्या इमारतीत. तिथे तिला केकचं काम जोरात सुरू करायचं होतं. करवंदांचा केक वर्षभर देता आला तरच त्यात अर्थ होता, म्हणजे सगळी भिस्त फ्रीजरवर. आमच्या तळमजल्यावरच्या शिंदेकाकू महिला मंडळाच्या अध्यक्ष. त्यांनी श्रावणातल्या कार्यक्रमांचं काम नंदाला दिलं असतं तर तिचं नाव झालं असतं. पण काकू एक दिवस तिला म्हणाल्या, "फ्रीजरमधलं म्हणजे शिळंच ना गं?" हा शब्द माझा होता. मीच तो जिन्यात, भाजी निवडता निवडता, काकूंच्या कानावर घातला होता. वाईट हेतूने नव्हे. मला ते खरंच वाटत होतं.

नंदा माझ्याकडे आली ती हसतच. "बिल्डिंगचा निरोपाचा कार्यक्रम आहे ना गच्चीवर? तिथे तुमची परीक्षा घेते. दोन केक. एकात ताजी, एकात फ्रीजरमधली. तुम्ही ओळखलंत तर मी कान धरीन. नाही ओळखलंत तर काकूंनी मला काम द्यायचं." काकूंनी मान्य केलं. मंडळाच्या बायका म्हणाल्या, "बाईंची जीभ फसायची नाही." मला हे ऐकून इतकं बरं वाटलं की मी लगेच हो म्हटलं.

मग भीती वाटायला लागली. नाही ओळखता आलं तर?

त्या संध्याकाळी, गच्चीवर सतरंज्या पडायच्या आधी, मी नंदाकडे भेळेचं मोठं पातेलं मागायला गेले. हे खोटं. मोठं पातेलं माझ्याच घरात होतं. तिचं दार लोटलेलं होतं. ती ओट्याकडे तोंड करून उभी होती, शेजारी दोन केक, आणि पुढे दोन ताटल्या, एक पांढरी, एक हिरव्या काठाची. "ताजा हिरवीत," ती स्वतःशी पुटपुटली आणि तो केक तिने हिरव्या काठाच्या ताटलीत ठेवला. मी दारातूनच मागे फिरले. रबरी तळव्यांवर, आवाज न करता, जसं मला उत्तम येतं. जिना उतरताना मी मनाशी म्हणत होते की मी काही बघायला गेले नव्हते, ते दिसलं. पकडलेलं प्रत्येक पोर हेच म्हणायचं.

गच्चीवर सगळे गोल बसले. ताटल्यांच्या खाली नंदाने चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. मी आधी पांढऱ्या ताटलीतला तुकडा घेतला. दाताखाली करवंद फुटलं आणि जिभेच्या कडेला चिकाची बारीक खाज आली, लहानपणी रानात आल्यासारखी. जिभेने तिथल्या तिथे सांगितलं, हे ताजं. मग हिरव्या काठाच्या ताटलीतला तुकडा. गोड, मऊ, रस आतल्या आत पसरलेला. छान होता, पण ती खाज नव्हती. जीभ इतकं स्वच्छ बोलली होती की लहान मुलानेही उत्तर दिलं असतं.

पण मी तर हिरवी बघितली होती.

मी जिभेला म्हटलं, बासष्टीची झालीस, तुझं काय खरं? जो जगात कुणावर विश्वास ठेवत नाही त्याचा स्वतःच्या जिभेवर तरी कसा असणार! "हिरव्या काठाची ताटली ताजी," मी वर्गात सांगायचे तशा आवाजात सांगितलं.

शिंदेकाकूंनी ताटली उचलून खालची चिठ्ठी काढली आणि वाचली. "फ्रीजर."

काय टाळ्या पडल्या! कुणीतरी शिट्टी मारली. आमचे हे तर डोळे पुसायला लागले हसून. नंदा मात्र हसत नव्हती, ती माझ्याकडे बघत होती. त्या क्षणी मी हसले असते, कान धरले असते, तर गोष्ट तिथेच संपली असती. माझ्या तोंडून निघालं, "चिठ्ठ्या बदलल्यात."

शिट्टी मारणाऱ्याने तोंडातली बोटं काढली.

"असं होऊच शकत नाही," मी म्हटलं. "नंदा, चिठ्ठ्या बदलल्यास तू."

ती 'नाही' म्हणाली नाही. तिने दोन्ही ताटल्या एकावर एक ठेवल्या आणि सतरंजीवरचे कण बोटाने टिपले. सहा महिने बिल्डरवर संशय घेऊन कंटाळलेल्या माणसांना जवळचं कुणीतरी मिळालं. बाई उगाच बोलायच्या नाहीत, असं म्हणत बायका उठल्या. शिंदेकाकू म्हणाल्या, "बघू गं, कळवते." ते काम पुढे एका दुकानाला गेलं.

मी खाली उतरत असताना ती मागून आली. जिथे आम्ही कोंबडा-कोंबडी खेळायचो त्याच पायरीवर तिने मला थांबवलं. आवाज अगदी हळू. "ताई, चिठ्ठ्या बदलल्या हे तुम्हाला कोणी सांगितलं? जिभेने, की डोळ्यांनी?"

आणि ती वर निघून गेली. माझ्या तळहातांना घाम सुटला होता. तो घाम मी अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांच्या हातांवर बघितला होता. तिला कळलं होतं. आणि तिला कळलं असूनही तिने चारचौघांत ते सांगितलं नव्हतं, स्वतःच्या नावावर डाग घेऊन गप्प राहिली होती. मला ओरडून बोलली असती तर मी भांडले तरी असते.

जूनमध्ये तिचा टेम्पो आमच्या आधी निघाला. "येते," म्हणाली, पण ते सगळ्यांना मिळून. आमचा फ्रीज रिकामा करताना मटारमागे तिची एक पिशवी निघाली. हे म्हणाले, "टाकून दे. नाहीतरी तुझा विश्वास नाही." मी त्यांच्यावर अशी खेकसले की हमालही थबकला. मग ती पिशवी बर्फाच्या तुकड्यांत, वर्तमानपत्रात आणि वर टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतली आणि रिक्षात बसले. पत्री पुलाच्या अलीकडे रिक्षा अडकली. टॉवेलातून पाणी ठिबकत होतं, साडी ओली होत होती आणि मी दर दोन मिनिटांनी दाबून बघत होते, अजून टणक आहेत ना. जिच्यावर कधी विश्वास ठेवला नाही ती वस्तू मी लहान मूल न्यावं तशी नवीन घरी नेली.

वर्षभर ती तिथेच होती. वीज गेली की माझा जीव फ्रीजरात. पट्टीवर नंदाचं अक्षर, करवंदं, खाली तारीख. फोन हातात घ्यायचे, तिचं नाव काढायचे, ठेवून द्यायचे. काय सांगणार होते? चूक झाली, हे सांगणं सोपं असतं. बघून लिहिलं, हे सांगणं फार कठीण.

परवा त्या टोपलीवालीने जिभेची गोष्ट काढली आणि मी ती पिशवी उघडली.

पहिल्या दिवशी शेजारून एक छोटा ओव्हन मागून आणला आणि अर्धी करवंदं घेतली. नियम पाठ होता. वितळू द्यायची नाहीत, चिवडायची नाहीत. पण वर्षभराची ती, एखादं किडकं असलं तर? एखाद्यात देठ राहिला असला तर? म्हणून मी ती चाळणीत काढली, एकेक उचलून उजेडात धरली, दाबली. तपासून होईपर्यंत सगळी गळून गेली होती. कोंबडा कुठला, कोंबडी कुठली, सगळ्यांचा मिळून एकच रस झाला होता. तो मिश्रणात गेला आणि केक पाटी पुसलेल्या फडक्याच्या रंगाचा झाला. ह्यांनी तो खाल्ला. "चव बरी आहे," म्हणाले, "फक्त बघू नये."

दुसऱ्या दिवशी उरलेली अर्धी पिशवी मी न बघता मैद्यात ओतली. अक्षरशः न बघता, तोंड फिरवून. भांड्यात खडे पडल्यासारखा आवाज झाला. दोनदा ढवळून मिश्रणात सोडली, केक आत गेला आणि मी ओव्हनपासून लांब, बाहेरच्या खोलीत जाऊन बसले. दहा मिनिटं जास्त लागली. बाहेर काढला तेव्हा पिवळ्यात सुटे सुटे जांभळे डाग होते, तिच्यासारखे. मला रडू आलं. साध्या केकवरून रडणारी बाई मी नव्हे, पण आलं खरं.

केक डब्यात घातला, राहिलेला ताज्या करवंदांचा एक द्रोण पिशवीत ठेवला आणि कळव्याला गेले. तिच्या भावाची इमारत खाडीच्या बाजूला आहे. तिसऱ्या मजल्यावर बेल वाजवली. दार साखळीपुरतं उघडलं. फटीतून नंदाचा एक डोळा दिसला, आधी माझ्या चेहऱ्यावर, मग डब्यावर, मग परत माझ्यावर. त्या डोळ्यात जे होतं ते मला चांगलं ओळखता येतं. ते मीच तिला दिलं होतं.

"ताई? काय काम काढलंत?"

"दार उघड, मग सांगते. नको, आधी सांगते." साखळी तशीच होती. "त्या दिवशी मी पातेलं मागायला म्हणून आलेले. पातेलं माझ्या घरातच होतं. दारातून बघितलं आणि बघून उत्तर दिलं. जीभ पांढरी म्हणत होती. मी तिचं ऐकलं नाही, आणि वर तुला खोटी ठरवलं."

साखळी निघाली. ती आत गेली, पाणी घेऊन आली, माझ्यासमोर बसली.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "ओव्हनच्या काचेत दिसलात तुम्ही. मोरपंखी साडी."

मी पेला हातात धरून बसले.

"तुम्ही खाली गेलात आणि मी दोन्ही केक उचलून इकडचा तिकडे केला. चिठ्ठ्या मग लावल्या, खऱ्या लावल्या. पण ताटल्या मी बदललेल्या, ताई. असला राग आलेला ना मला! म्हटलं, बघूया आता, ताई जिभेचं ऐकतात की डोळ्यांचं. तुम्ही पांढरी म्हणाल्या असतात तर मी हरले असते. काम गेलं असतं तरी चाललं असतं मला. तुम्ही खऱ्या निघाल्या असतात ना."

"मग त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलली का नाहीस?"

"काय तोंडाने बोलू? मी पण बदललेल्याच ना."

म्हणजे माझा संशय अगदीच खोटा नव्हता. काहीतरी बदललं होतं खरंच. एरवी असं काही सिद्ध झालं असतं तर मी आठवडाभर ते सांगत फिरले असते. त्या वेळी मला एवढंच वाटलं की एक वर्ष गेलं, आणि आमच्या वयाला वर्षं काही बेगमी करून ठेवता येत नाहीत.

नंदाने डबा उघडला. तुकडा मोडला, डाग बघितले, तोंडात टाकला. बराच वेळ चघळत राहिली. "माझीच आहेत ही. वितळू दिली नाहीत?"

"पहिल्या दिवशी दिली."

"चिवडलीत?"

"चिवडली."

तेव्हा ती हसली. जिना नव्हता, पण खोली दणाणली. मी डोळे लपवायला उठून खिडकीशी गेले. खाली खाडीचं पाणी ओसरलेलं होतं, चिखलात दोन बगळे उभे होते आणि पलीकडे, जिथे म्हणे तिचे वडील राबले ते मिठागर होतं, तिथे टॉवरच्या रांगा. मागे पिशवी खसखसली. तिला द्रोण सापडला होता.

"ताई," ती मागून म्हणाली, आणि दातात करवंद धरलंय हे आवाजावरूनच कळलं. "कोंबडा की कोंबडी?"

"कोंबडा."

चावल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "बरोबर."

उरलेलं अर्धं तिने माझ्यासाठी पुढे धरलं असणार, जुन्या सवयीने. मी खाडीकडेच बघत उभी राहिले.